जमिनीखालचं तळं

प्रश्न : इस्तंबूलमधलं येरेबातान हे जमिनीखालचं टाकं पाहिलं. खांब एकसारखे का नाहीत? पाणी झिरपत कसं नसे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने ते बांधून घेतलं. खांब ३३६, उंची सुमारे ९ मीटर. बरेचसे जुन्या इमारतींतून आणलेले, म्हणून नक्षी वेगवेगळी. दोन खांबांखाली तर ग्रीक पुराणातल्या, केसांच्या जागी साप असलेल्या मेदुसाची दगडी शिरं आहेत, एक उलटं, एक आडवं!

विटांच्या भिंती जवळपास ४ मीटर जाड. वर विटांची भुकटी घातलेल्या चुन्याचा गिलावा. हीच आपली सुरखी. मासुंदा तलावाजवळच्या आमच्या सोसायटीची टाकी गळू लागली, तेव्हा म्हाताऱ्या गवंडीकाकांनी पहिलं नाव सुरखीचंच घेतलं. मला फार आनंद झाला.