वाचक विचारतात : पवित्र भूमीचे जुने नकाशे

प्रश्न : घरातल्या जुन्या पुस्तकांत पॅलेस्टाइनचा रंगीत नकाशा सापडला. त्यावर ऑर्टेलियसचं नाव आहे. अस्सल आहे की नंतरची नक्कल, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? (वसई)

उत्तर : आधी नकाशाची पाठ, म्हणजे मागची बाजू, बघा. सोळाव्या शतकातला नकाशाकार ऑर्टेलियस याचा अ‍ॅटलास अँटवर्पला 1570 मध्ये निघाला आणि 1612 पर्यंत त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. नकाशांच्या पाठीवर सहसा लॅटिन, डच, जर्मन, फ्रेंच अशा त्या त्या आवृत्तीच्या भाषेत मजकूर असतो. त्यावरून आणि पानाच्या आकड्यावरून आवृत्ती लावता येते. पाठ कोरी निघाली, तर संशयाला जागा आहे.

मग दहापट भिंग घ्या. ऑर्टेलियसचे नकाशे तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेले. अशी रेघ सलग आणि ठसठशीत असते. ती ठिपक्याठिपक्यांची दिसली, तर ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्रावरची छपाई. पुढे तपासण्यात अर्थ नाही. सलग असेल, तर कागद उजेडासमोर धरा. हातकागदाच्या साच्यातल्या तारांच्या रेघा साधारण अडीच सेंटिमीटर अंतराने आणि त्यांना छेदणाऱ्या बारीक, दाट रेघा दिसायला हव्यात.

चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची खोलगट चौकट उमटते खरी, पण तिच्यावर विसंबू नका. नकलेतही ती मुद्दाम उठवतात आणि कडा छाटलेल्या अस्सल प्रतीत ती उरत नाही. जर्मन पाद्री ब्युंटिंगचा 1581 चा, यरुशलेम मध्यभागी असलेला तीन पाकळ्यांचा नकाशा तर लाकडी ठशाचा आहे. तिथे ती शोधूच नये.

रंग नवा असला म्हणून नकाशा खोटा ठरत नाही. पुष्कळ नकाशे बिनरंगी, नुसत्या काळ्या शाईतले विकले गेले आणि मागाहून रंगवले. जुना हिरवा रंग मात्र तांब्यापासून केलेला. तो कागद खातो, पाठीमागे तपकिरी डाग उमटतो, कधी तिथेच तडा जातो.

प्रश्न : काही नकाशांत भूमध्य समुद्र तळाशी का असतो?

उत्तर : पूर्व वर धरल्यामुळे. ही मध्ययुगातली चाल. डच धर्मगुरू आड्रिकॉमच्या, पवित्र भूमीवरच्या 1590 च्या ग्रंथातला मोठा नकाशाही तसाच आहे. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या याफोच्या (जाफाच्या) बंदरात उतरणाऱ्या यात्रेकरूला देश तसाच समोर दिसे.

प्रश्न : फ्रेम कशी करावी?

उत्तर : लॅमिनेशन, सेलोटेप आणि फेविकॉल नको. आम्लरहित माउंटबोर्डवर (जाड पुठ्ठ्यावर), फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने चिकटवा. खिडकीचा माउंट, म्हणजे मधे चौकोन कापलेला वरचा पुठ्ठा, हवाच. काच कागदाला टेकली, की वसईच्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली. जिची दुसरी बाजू घराबाहेर उघडी आहे, अशा भिंतीवर टांगू नका.