करवंदासारखे, पण करवंद नव्हे

प्रश्न : नैरोबीतील आमच्या घराच्या कुंपणाला एक सदाहरित झुडूप आहे. त्याची पांढरी-गुलाबी, सुवासिक फुले आणि जांभळी फळे पाहून आईला कोकणातली करवंदे आठवली. माळ्याने मात्र, बाणाचे विष यातूनच काढतात असे सांगून तिला हात लावू दिला नाही. यात कितपत तथ्य आहे?
— एक वाचक, नैरोबी

उत्तर : माळ्याचे ऐकलेत हे बरे केलेत. वर्णनावरून हे झुडूप अकोकँथेरा असावे. आपल्या आईंची नजरही चांगलीच म्हणायची, कारण करवंद आणि अकोकँथेरा कण्हेरीच्या कुळातले जवळचे नातलग आहेत. दोघांनाही पांढरा चीक असतो. परंतु करवंदाच्या जाळीला काटे असतात, याला नसतात.

पूर्व आफ्रिकेतील शिकारी याचे लाकूड व साल तासन्‌तास उकळून डांबरासारखा काळा लगदा करीत आणि तो बाणाच्या टोकाला फासत. त्यातील वाबेन या द्रव्याचे नाव सोमाली भाषेतून आले असून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आर्नो यांनी ते 1888 मध्ये वेगळे केले. पेशीतील सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारी यंत्रणा ते बंद पाडते, त्यामुळे रक्तात मिसळताच हृदयाचे ठोके बिघडतात. पोटातून ते फारच थोडे शोषले जात असल्याने जखमेभोवतीचे मांस कापून टाकून उरलेली शिकार खाता येई.

हेच द्रव्य युरोपात दुर्बल हृदयावर शिरेतून देत असत, मात्र औषधाची आणि विषाची मात्रा यांत अंतर अगदी थोडे. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांना पेशीतील या यंत्रणेच्या शोधासाठी 1997 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांच्या प्रयोगांत वाबेनचा मोठा उपयोग झाला होता. दक्षिण आफ्रिकेतील वैदू याच्या पानांची पूड सर्पदंशावर व डोकेदुखीवर वापरतात; सर्पदंशावर तिचा भरवसा धरू नये, असे माझे मत आहे. माणसाशिवाय याचा गिऱ्हाईक म्हणजे पूर्व आफ्रिकेतला आयाळवाला उंदीर : तो साल चघळून लाळ कुशीवरच्या केसांना चोपडतो, आणि त्याला चावलेला कुत्रा अनेकदा दगावतो.

पिकलेली फळे काही भागांत लोक खातात, परंतु कच्ची फळे जीवघेणी ठरू शकतात आणि कच्च्या-पक्क्याची पारख नवख्याला जमत नाही. घरात लहान मूल असेल तर झुडूप काढून टाकावे. नसेल तर छाटणीच्या वेळी हातमोजे घालावेत, बोटाला जखम असल्यास तर अवश्य.