प्रवासाचे प्रश्न : दोन तासांची फ्लाइट आणि प्रीमियम इकॉनॉमीचं जेवण

प्रश्न : आई-बाबांना मुंबईहून दिल्लीला ताईकडे पाठवायचंय. एअर इंडियाचं प्रीमियम इकॉनॉमी साध्या तिकिटापेक्षा माणशी तीनेक हजार जास्त दाखवतंय. बाबा 72 वर्षांचे, डायबिटीस आहे, जेवणाआधी इन्सुलिन घेतात. दोनच तासांसाठी एवढे पैसे घालावेत का, जेवणात खरंच फरक पडतो का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नुसत्या जेवणासाठी म्हणाल तर नको, कारण एअर इंडियात साध्या इकॉनॉमीतही जेवण तिकिटातच येतं आणि ते काही वाईट नसतं. पण तुमच्या बाबांसाठी मी म्हणेन की घ्या. आपल्याकडे देशांतर्गत फ्लाइटवर हा क्लास, म्हणजे साधी इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला, 2015 मध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीने आणला, ती कंपनी नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली, आणि आता त्यांच्या ए320 निओ या विमानात या क्लासच्या 24 सीट असतात, मागे साध्या इकॉनॉमीत शंभराच्या वर माणसं. सगळा फरक इथे आहे बघा. दिल्लीची फ्लाइट कागदावर सव्वादोन तासांची, पण त्यात रनवेवरची रांग, वर चढणं, खाली उतरणं वजा केलं की क्रूच्या हातात जेमतेम तासभर राहतो, आणि मागे तेवढ्या वेळात ट्रे वाटून, चहा देऊन, परत गोळा करायचे म्हणजे नुसती धावपळ, शेवटच्या रांगेतल्या माणसाचा चहा गार व्हायच्या आत कप मागायला येतात. पुढे तीच गोष्ट निवांत होते. हळू खाणाऱ्या माणसाला हे फार जाणवतं.

सीट मात्र तीन-तीनच्याच रांगेत असते, मधली रिकामी ठेवत नाहीत, पायाला काही इंच जागा जास्त मिळते एवढंच. म्हणून आईला खिडकी आणि बाबांना आइल, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेकडची, अशा सीट आत्ताच निवडून ठेवा. आणि जास्तीच्या पैशात जीएसटी पण आहे, इकॉनॉमीला 5 टक्के आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वरच्या क्लासला 18, प्रीमियम इकॉनॉमी त्यातच धरतात.

आता इन्सुलिनचं, हे नीट वाचा. डायबेटिक मील आधी सांगावं लागतं, किमान 24 तास तरी, तिकीट काढतानाच टाकलंत तर उत्तम, विमानात बसल्यावर मागून मिळत नाही. आणि ट्रे प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय बाबांनी इन्सुलिन घ्यायचं नाही. हवा खराब झाली की सीटबेल्टची खूण लागते, जेवणाच्या ढकलगाड्या परत आत जातात आणि जेवण अर्धा तास सुद्धा लांबतं, पावसाळ्यात तर हमखास. डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या, खिशात ग्लुकोजची बिस्किटं असू द्या, आणि इन्सुलिन हँडबॅगेतच ठेवायचं, खाली लगेजमध्ये अजिबात नाही, तिथे ते गोठून वाया जाऊ शकतं.

प्रश्न : विमानातलं जेवण एवढं बेचव का लागतं? महागाच्या सीटवर पण तीच गत. काय घ्यावं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोष एकट्या आचाऱ्याचा नाही हो. केबिनमधली हवा फार कोरडी, हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा, त्यामुळे नाक सुकतं आणि नाक सुकलं की चव गेलीच. जर्मनीत फ्राउनहोफर या संशोधन संस्थेने लुफ्थान्सा विमान कंपनीसाठी हे तपासलं होतं, मीठ 20-30 टक्के आणि साखर 15-20 टक्के कमी जाणवते असं निघालं. आंबट आणि टोमॅटोसारख्या चवी टिकून राहतात. म्हणून आपल्या कोल्हापूरकर जिभेला तर ते अळणीच वाटणार.

शिवाय जेवण विमानात शिजत नाही, जमिनीवरच्या किचनमध्ये करून झटपट थंड करतात आणि वर नुसतं ओव्हनमध्ये गरम करतात. म्हणून रश्शाचं घ्या, छोले, डाळ, पनीरची ग्रेव्ही हे पुन्हा गरम केलेलं चालतं. पराठा चामड्यासारखा होतो, ऑम्लेट रबरासारखं. भाताची एक युक्ती सांगते, फॉइल उघडलं की कडेचा भात टणक झालेला असतो, त्यावर डाळ ओता, फॉइल परत दाबून लावा, दोन मिनिटं थांबा, मग खा, वाफेने मऊ होतो. आणि चहा जेवणाबरोबरच मागून घ्या, नंतर म्हणालात की राहतो.

प्रश्न : आईची एकादशी नेमकी प्रवासाच्या दिवशी येतेय. फ्लाइटमध्ये उपवासाचं मिळेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : जैन मील म्हणजे उपवासाचं नव्हे, हा गोंधळ खूप जण करतात, त्यात कांदा-लसूण-बटाटा नसतो पण पोळी-भात असतोच. बुकिंगमध्ये फ्रूट प्लॅटर दिसत असेल तर ते टाका. पोटाला आधार म्हणून शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची वडी हँडबॅगेत द्या, देशांतर्गत फ्लाइटला कोरडं खाणं नेता येतं. सुकं खोबरं तेवढं बॅगेत नको, सिक्युरिटीवाले काढून ठेवतात.

प्रश्न : पैसे प्रीमियम इकॉनॉमीचे भरले आणि विमान बदललं म्हणून मला मागे बसवलं. काउंटरवर म्हणाले, जेवण तर मिळालं ना! काही करता येतं का? — एक वाचक, पुणे

उत्तर : हो, करता येतं आणि कराच. तुमच्या मर्जीविरुद्ध खालच्या क्लासला बसवलं तर देशांतर्गत प्रवासात टॅक्ससकट तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत द्यावी लागते, विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएचा हा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. जेवण मिळालं की नाही याचा त्याच्याशी काही संबंध नाही. व्हाउचर देऊ केलं तर लगेच हो म्हणू नका. बोर्डिंग पास जपून ठेवा, कंपनीला ईमेलच करा, फोनवरचं बोलणं हवेत जातं, आणि उत्तर आलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका.