नोटिशीच्या उत्तराची वाट बघू नका, 13 फेब्रुवारीकडे बघा

मालवणहून एका पाण्याखालच्या छायाचित्रकारांचं पत्र आलं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांनी मुंबईच्या एका डीलरकडून 2 लाख 85 हजारांचं अंडरवॉटर कॅमेरा हाऊसिंग (कॅमेरा पाण्याखाली नेण्यासाठीचं जलरोधक कवच) घेतलं, एक वर्षाची वॉरंटी. 9 डिसेंबर 2023 ला पहिल्याच डाईव्हला साधारण 12 मीटरखाली शटरचा खटका दाबला की परत वर येईना, आणि मागचं मेनूचं बटण आपोआप दाबलं जाऊ लागलं. वर बोटीत आणलं की सगळं सुरळीत. 20 डिसेंबरला हाऊसिंग डीलरकडे गेलं, 14 फेब्रुवारी 2024 ला परत आलं. सोबत सर्व्हिस सेंटरची चिठ्ठी: ‘टेबल टेस्ट ओके, नो फॉल्ट फाऊंड, वॉरंटी क्लेम नामंजूर.’ त्यानंतर दोन सीझन व्हॉट्सअॅपवर ‘शेठ, कंपनीला मेल टाकलाय’ चाललं. नोव्हेंबर 2025 मध्ये एका ओळखीच्या वकिलांकडून नोटीस गेली, उत्तर नाही. आता विचारतात की अजून किती दिवस थांबायचं, आणि तोवर मालवणात कोणाकडून स्प्रिंग बदलून घेतली तर चालेल का.

ड्रोन, आउटबोर्ड इंजिन, सोलर इन्व्हर्टर, शिवणयंत्र अशा नाना वस्तूंची पत्रं माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा शेवट ‘नोटीस दिली आहे, उत्तराची वाट बघतोय’ असाच असतो. त्यामुळे वॉरंटी म्हणजे काय, सदोष वस्तू विकणं चूक कसं, हे मी पुन्हा सांगत बसत नाही. तुमच्या प्रकरणात एकच गोष्ट निर्णायक आहे. ती हाऊसिंगमध्ये नाही, कॅलेंडरमध्ये आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. उशीर झाला असेल तर पुरेसं कारण दाखवून माफीचा अर्ज करता येतो, पण तो उशीर ग्राहक आयोगाने कारणं लिहून माफ केल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी आयोगाने तो स्वतः तपासायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या कंदिमल्ला राघवय्या प्रकरणात तंबाखूच्या गोदामाला आग लागली 1988 मध्ये, विमा कंपनीकडे दाव्याचा अर्ज मागितला 1992 मध्ये, आणि कंपनीच्या नकारापासून मुदत मोजा असा तक्रारदारांचा आग्रह होता. न्यायालयाने ऐकलं नाही. पत्रव्यवहाराने संपलेली मुदत जिवंत होत नाही. नोटिशीनेही होत नाही. मुळात ग्राहक तक्रारीआधी नोटीस देण्याची सक्तीच नाही. नोव्हेंबरात नोटिशीचा मसुदा करण्यात जो वेळ गेला, त्याच वेळेत तक्रार लिहून झाली असती, आणि तेव्हा ती निर्विवाद मुदतीत होती. तुमच्या वकिलांनी हे सांगितलं नसेल तर त्यांना विचारा का सांगितलं नाही.

आता तारखा. पहिल्या डाईव्हचा व्हिडिओ आहे म्हणून तुम्ही निश्चिंत आहात. खटका अडकलेला दिसतो, डाईव्ह कॉम्प्युटरवर (खोली नोंदवणाऱ्या उपकरणावर) खोली दिसते, तारीख दिसते. पुरावा म्हणून तो सोन्यासारखा आहे. पण दोष तुम्हाला 9 डिसेंबर 2023 ला कळला हेही तोच व्हिडिओ सांगतो, आणि तिथून मोजलं तर मुदत 9 डिसेंबर 2025 ला संपली. डीलरचा वकील पहिल्या पानावर हेच लिहील.

तुमचा उलट मुद्दा त्या चिठ्ठीत आहे. दोष दिसल्यावर तुम्ही वस्तू वॉरंटीखाली दिली, त्यांनी ती दुरुस्तीसाठी ठेवून घेतली, म्हणजे तोवर वादच नव्हता. वाद सुरू झाला तो 14 फेब्रुवारी 2024 ला, त्यांनी लेखी नकार दिला तेव्हा. शिवाय खोलीवर दिसणारा दोष टेबलावर तपासून ‘दोष नाही’ म्हणणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि तिचं कारण त्याच दिवशी घडलं. हा युक्तिवाद मला पटतो. आयोगाला पटेलच असं लिहून देत नाही. पण त्या हिशेबाने शेवटचा दिवस 14 फेब्रुवारी 2026, आणि तो दुसरा शनिवार आहे. सुट्टीचा दिवस कसा मोजायचा यावर वाद घालायची वेळ आणू नका. शुक्रवारी, 13 तारखेला, तक्रार दाखल झालेली असली पाहिजे. तुमचं पत्र जानेवारीच्या शेवटी लिहिलेलं आहे, तेव्हा हातात जेमतेम दोन आठवडे आहेत.

तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज त्याच दिवशी जोडा. ‘तक्रार मुदतीतच आहे; आयोगाला 9 डिसेंबरपासूनच मुदत धरावी असं वाटल्यास विलंब माफ व्हावा’ अशी पर्यायी मागणी करा. 13 तारखेला दाखल केली तर तो विलंब 66 दिवसांचा होतो. त्यासमोर हे ठेवा की 20 डिसेंबर ते 14 फेब्रुवारी असे 56 दिवस हाऊसिंग डीलरच्या ताब्यात होतं. कायद्याच्या काटेकोर भाषेत ते दिवस आपोआप वजा होतात असं मी म्हणणार नाही, पण माफी मागताना सांगण्यासारखं कारण आहे. ‘सीझन चालू होता’, ‘पावसात डाईव्हिंग बंद असतं म्हणून निकड वाटली नाही’ ही कारणं मात्र अर्जात नकोत. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, आयोग नव्हे. आणि व्हिडिओ लपवायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. तारीख तुम्हीच डीलरला व्हॉट्सअॅपवर कळवलेली आहे.

स्प्रिंगबद्दल. अजिबात हात लावू नका. एकही स्क्रू फिरवू नका.

का ते नीट समजून घ्या, कारण खटला टिकला तर यावरच उभा राहणार आहे. प्रत्येक बटणाचा दांडा हाऊसिंगच्या भिंतीतून आत जातो, त्याच्याभोवती पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग, आणि तो परत बाहेर ढकलायला स्प्रिंग. 15 मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर बाहेरून साधारण दीड किलोचा जादा दाब असतो. स्प्रिंग त्या मानाने कमजोर बसवलेली असली की दांडा आतच राहतो. वर आणलं की दाब जातो आणि बटण शहाण्यासारखं वागतं. म्हणून टेबल टेस्ट या दोषासाठी निरुपयोगी आहे, हे तक्रारीत दोन वाक्यांत आणि ठसठशीत आलं पाहिजे. डीलर म्हणणार की वापरणाऱ्याने गोड्या पाण्यात नीट भिजवलं नाही, दांड्यांत मीठ साचलं. किंवा कॅमेरा हाऊसिंगच्या आतल्या ट्रेमध्ये नीट बसवला नव्हता म्हणून खटके जुळले नाहीत. किंवा हाऊसिंग ठरलेल्या खोलीपेक्षा खाली नेलं. मिठाचा बचाव पहिल्या डाईव्हच्या व्हिडिओपुढे टिकत नाही, कारण पहिल्या तासाभरात मीठ सुकून साचत नाही. खोलीचं उत्तर डाईव्ह कॉम्प्युटर देतो. ट्रेचा मुद्दा थोडा अवघड आहे. वर सगळी बटणं चालतात हे दाखवणारा तुकडा त्याच दिवशीच्या व्हिडिओत असेल तर तो जपा. पण गावातल्या वर्कशॉपमध्ये स्प्रिंग बदललीत की हे सगळं पाण्यात गेलं. मग ‘अनधिकृत दुरुस्ती’ म्हणून वॉरंटीचा दावाही गेला आणि मूळ दोष सिद्ध करायला मूळ स्प्रिंगही उरली नाही.

याच कायद्याच्या कलम 38 मध्ये सोय अशी आहे की तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि 45 दिवसांत अहवाल मागवतो. खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. हा अर्ज तक्रारीसोबतच द्या आणि तपासणी दाबाखाली, प्रेशर चेंबरमध्ये व्हावी असं त्यात स्पष्ट लिहा, नाहीतर तिथेही टेबल टेस्टच होईल. अशी सोय असलेली प्रयोगशाळा आयोगाला चटकन सापडेल याची खात्री देता येत नाही. म्हणून एखाद्या अनुभवी डाईव्ह इन्स्ट्रक्टरचं प्रतिज्ञापत्रही जोडा, ज्यांनी स्वतः त्या डाईव्हला खटका अडकलेला पाहिला. तोवर हाऊसिंग खोक्यात ठेवा, खोक्याला कागद चिकटवून सही-तारीख टाका, फोटो काढा. खोकं टाकून दिलं नसेल अशी आशा आहे. त्यावर आयातदाराच्या नावपत्त्याचं स्टिकर असायला हवं. असेल तर आयातदारालाही पक्षकार करता येईल. नसेल तर डीलरने माल कुठून आणला हा वेगळाच प्रश्न उभा राहतो, आणि तोही तक्रारीत विचारावा.

तुमच्या पत्रातली दुसरी काळजीची जागा म्हणजे बिल. जीएसटीचं क्रेडिट मिळावं म्हणून तुम्ही ते डाईव्ह सेंटरच्या नावाने घेतलंत. त्या वेळी हुशारी वाटली असेल. व्यापारी उद्देशाने वस्तू घेणारा या कायद्यात ग्राहक नसतो, आणि डीलर हा मुद्दा काढणारच. अपवाद असा की निव्वळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी धरत नाहीत. 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने टॅक्सीचं उदाहरण दिलं आहे: स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणारा ग्राहक ठरतो. सेंटर तुमच्या एकट्याच्या मालकीचं असेल, कॅमेरा तुम्हीच हाताळत असाल, एखादा मदतनीस असेल, तर तुम्ही अपवादात बसू शकता. भागीदारी फर्म असेल आणि पगारी छायाचित्रकार हाऊसिंग वापरत असतील तर मला आशा कमी वाटते. ‘उपजीविका’ आणि ‘स्वयंरोजगार’ हे शब्द तक्रारीत पहिल्या परिच्छेदात यायला हवेत, उत्तरादाखल नंतर नव्हे.

याच कारणाने बुडालेल्या दोन सीझनच्या 4 लाखांच्या भरपाईची मागणी मी जपून करीन. धंद्याचं नुकसान म्हणून आकडे मांडत सुटलात तर तुम्ही व्यापारी आहात हे तुम्हीच सिद्ध करून द्याल. मुख्य मागणी किंमत परत किंवा बदलून नवं हाऊसिंग; त्यासोबत त्रास आणि खर्चापोटी माफक रक्कम. कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचं) प्रकरण तुम्ही कुठेतरी वाचलेलं दिसतं. त्यात त्याच वस्तूला झालेली हानी धरत नाहीत, तेव्हा इथे त्याचा उपयोग नाही.

तक्रार मुंबईत नाही, ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा आयोगात करा. तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात ती करता येते. बिलाच्या तळाशी ‘मुंबई न्यायक्षेत्राच्या अधीन’ छापलेलं आहे म्हणून घाबरू नका. दिलेली किंमत 50 लाखांच्या आत, म्हणून जिल्हा आयोग. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून दाखल करा, पण शेवटच्या संध्याकाळी नको. पोर्टल बंद पडलं म्हणून मुदत गेली असं सांगायची पाळी आली तर मला पत्र लिहू नका. व्हॉट्सअॅपचे संवाद जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत द्या. आयोग पुराव्याच्या कायद्याने काटेकोर बांधलेला नाही, पण तेवढ्यावरून एक तारीख का घालवायची?

तारखांचं म्हणाल तर कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच महिने. वाचायला छान आहे. प्रत्यक्षात अध्यक्ष नाही, सदस्य नाही, प्रत्येक वेळी पुढची तारीख; 2021 मध्ये या रिकाम्या जागांची दखल सर्वोच्च न्यायालयाला आपणहून घ्यावी लागली होती. दोन-तीन वर्षं धरून चला. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची: डीलरला लेखी उत्तरासाठी 30 आणि वर फार तर 15 दिवस मिळतात. 2020 च्या न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज निकालानंतर 45 दिवसांपुढे ते घेता येत नाही. 46 व्या दिवशी उत्तर आलेलं नसेल तर त्याच दिवशी ‘आता उत्तर घेऊ नये’ असा अर्ज द्या, पुढच्या तारखेची वाट बघू नका. दर वेळी ओरोसला जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणीची विनंती करता येते.

13 तारीख हुकलीच तर विलंब माफीचा अर्ज हाच आधार, आणि मग विलंब 66 दिवसांहून जास्त. दिवाणी दाव्याला तीन वर्षं मिळतात, पण तिथे कोर्ट फी आहे, मुंबईच्या फेऱ्या असू शकतात, आणि इतके महिने वस्तू ठेवून घेतल्यामुळे तुम्ही ती स्वीकारली असं धरून किंमत परत न देता फक्त नुकसानभरपाईवर भागवलं जाण्याची शक्यता आहे. तो रस्ता मी आज सुचवत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की डीलरने नव्या मॉडेलवर 20 टक्के सूट देऊ केली आहे, फक्त ‘एका साध्या फॉर्मवर’ सही हवी. तो फॉर्म मला पाहायला मिळालेला नाही. त्यात ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ किंवा ‘यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ असं काही असेल तर सही करू नका, आणि चर्चा चालू आहे म्हणून तक्रारही थांबवू नका. बोलणी करायचीच असतील तर ती तक्रार क्रमांक हातात आल्यावर करा.