गाय आणि कवाड

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्याहून बडोद्यात मांजलपूरच्या टेनामेंटमध्ये (म्हणजे आवार असलेल्या घरात) राहायला येऊन तुम्हाला चार महिने झाले. मागच्या गल्लीतल्या शेजाऱ्याच्या तीन गाई रोज सकाळी आवारात शिरतात, जास्वंद ओरबाडतात, शेण टाकून जातात आणि परवा त्यातली एक सासूबाईंच्या अंगावर धावली. वर बाजूच्यांचं मांजर वाफ्यात घाण करतं आणि समोरच्यांचा कुत्रा दिवसभर सुटा. भिंतीवर काटेरी तार ओढू, तिखट टाकू, की सरळ महापालिकेत तक्रार करू, असं तुम्ही विचारलंय.

तिन्ही आठ दिवस थांबवा. एक वही घ्या. कोणतं जनावर किती वाजता येतं, कुठून येतं आणि आल्यावर पहिलं तोंड कशाला लावतं, एवढंच लिहा. हसू नका, मीही आधी हसले होते.

आम्ही १९९६ पासून वाघोडिया रोडला आहोत, त्याआधी दांडिया बाजारात. तिथे वाड्याच्या दारात गाय आली की हळदकुंकू लावायचे. तीच गाय टेनामेंटमध्ये आली की घुसखोर, कारण इथल्या कुंड्या आपण पैसे मोजून आणलेल्या! तर आमच्याकडे एक गीर गाय यायची, तांबडी, लांब लोंबत्या कानांची. झांपा उघडून यायची. (इकडे फाटकाला सगळे झांपाच म्हणतात, तुम्हीही सहा महिन्यांत म्हणाल.) मी दोन वर्षं तिच्या मालकाला मनातल्या मनात आणि नंतर मोठ्याने शिव्या घातल्या. एकदा भर रस्त्यात त्यांना अडवून म्हटलं, तुमची गाय आमचं नुकसान करते. ते शांतपणे म्हणाले, "बेन, गायनो वांक नथी. तमारां बा रोज रोटली आपे छे." म्हणजे गाईचा दोष नाही, तुमच्या घरच्या आजी रोज पोळी देतात.

घरी येऊन बघते तो खरंच. आमच्या सासूबाई रोज साडेसातला पहिली पोळी गोग्रास म्हणून मागच्या भिंतीवर ठेवायच्या. पन्नास वर्षांचा नेम. गाय साडेसातला भिंतीपाशी हजर, पोळी खाऊन झाली की तोंड चाळवलेलं, मग पुढे माझी जास्वंद. मी ज्याला घुसखोरी म्हणत होते त्याला रोज सकाळी आमच्याच घरून आमंत्रण जात होतं.

म्हणून म्हणते, वही. तुमच्या घरी गोग्रास नसेलही. पण कचऱ्याची पिशवी झांप्याबाहेर कधी ठेवता? खंडेराव मार्केटातून आणलेली मेथी निवडून देठं कुठे टाकता? शेजारची कामवाली उरलेला भात कुठे पालथा करते? उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, अख्खं बडोदं गाईला घुगरी आणि चारा घालतं आणि दुसऱ्या दिवशी तीच गाय दारात उभी राहिली की फोन फिरवतं. श्राद्धपक्षात आपणही काही कमी करत नाही. एक सांगून ठेवते, भात, पोळ्या, शिजवलेले गहू हे गाईच्या पोटाला एकदम फार झाले तर आतमध्ये आंबतं, पोट फुगतं आणि ती मरूही शकते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली भाजीची सालं तर ती पिशवीसकट गिळते. ते पचत नाही, बाहेरही पडत नाही, वर्षानुवर्षं पोटात साठत जातं. पुण्य करायचंच तर मूठभर हिरवा चारा, तोही तिच्या गोठ्यात जाऊन.

सासूबाईंना नेम मोडायला सांगायची माझी हिंमत नव्हती. तोडगा त्यांनीच काढला: भिंतीवर पोळी बंद आणि संध्याकाळी पोळी घेऊन स्वतः गोठ्यापर्यंत चालत जायचं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं. तिथे मालकांची म्हातारी आई बसलेली असायची. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळायची, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता. महिन्याभरात गाय सकाळची यायची थांबली आणि मालकांशी बोलायला मला दार मिळालं.

त्या गोठ्यात मी जे शिकले ते तुम्हाला उपयोगी पडेल. पहाटे धार काढली की गाई सोडतात, कारण जागा अपुरी असते. बाहेर पोट भरलं तर तेवढा चारा वाचतो, हेही खरंच. दुभती गाय संध्याकाळच्या धारेला आपण होऊन परत येते, कारण वासरू घरी दाव्याला असतं आणि कास दुखायला लागते. भाकड गाय आणि गोऱ्हे यांना परत जायची घाईच नसते, ते दिवसभर फिरतात. तेव्हा तुमच्या तिघींमध्ये दुभती कोण, भाकड कोण हे बघा. मालकाला "तुमच्या गाई" म्हणून सांगितलंत तर तो ऐकणार नाही. "ती वाकड्या शिंगाची भाकड दुपारभर आमच्याकडे असते, तेवढी एक बांधाल का?" म्हटलंत तर त्याला करता येण्याजोगं काहीतरी हातात पडतं. आमच्याकडे तसंच झालं, एक बांधली गेली. मला तेवढं पुरलं.

बोलायला संध्याकाळी जा, धार काढून झाल्यावर. सकाळी त्याला दुधाच्या फेरीची घाई असते. आणि "तक्रार" हा शब्द पहिल्या भेटीत काढू नका. २०२२ साली शहरात गुरं पाळायला परवाना सक्तीचा करणारं विधेयक गुजरात विधानसभेने मंजूर केलं, गुरं पाळणारा मालधारी समाज रस्त्यावर उतरला, दूधबंदी झाली आणि सप्टेंबरात सरकारने ते मागे घेतलं. ते लोक गुरांना "माल" म्हणतात, मालधारी हा शब्दच त्यावरून आला. त्यामुळे तुमच्या तोंडी तक्रार आली की त्याच्या कानाला ती पोटावर पाय आल्यासारखी लागते. मी त्यांची बाजू घेत नाही. रस्त्यात बसलेल्या गुरांना स्कूटर धडकून माणसं जायबंदी झालेली मीही पाहिली आहेत.

आता झांपा. गायकवाड या आडनावाची कथा बडोद्यात प्रत्येक मराठी घरात सांगतात: पूर्वजांनी संकटातून पळणाऱ्या गाईंना किल्ल्याच्या लहान कवाडातून आत घेतलं, म्हणून गाय आणि कवाड. खरं-खोटं इतिहासकार बघतील. पण ज्या गावच्या राजाच्या नावातच गाय दारातून आत येते, तिथे दार बंद ठेवायची जबाबदारी आपली. वरून पडणारी कडी गाय नाकाने उचलते, दोन दिवसांत शिकते. आडवी सरकणारी आगळ लावा आणि ती शक्यतो झांप्याच्या आतल्या बाजूने, खाली. झांपा आपोआप मिटेल अशी स्प्रिंग किंवा उतार द्या, कारण उघडा टाकणारे बहुधा दूधवाले, पेपरवाले आणि आपलीच मुलं. खालची फट वासराचं डोकं जाईल एवढी नको.

काटेरी तार नकोच. गाय अंगाने रेटते, तार कासेला लागते, आणि जखमी गाय तुमच्या आवारात सापडली की मग खरं-खोटं कोणी विचारत नाही. काचेचे तुकडे, वीज सोडलेली तार, उकळतं पाणी, यांतलं काहीही नको. १९६० च्या प्राणीक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होतो. जनावर मेलं किंवा लुळं पडलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुंपण झाडांचंच करायचं असेल तर मेंदी किंवा अडुळसा लावा. अडुळशाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. कण्हेर मात्र लावू नका, फुलं कितीही छान दिसली तरी. तिचं पान न् पान विषारी, छाटून टाकलेली वाळकी फांदीसुद्धा गुराचा जीव घेते.

सासूबाईंवर गाय धावली, त्याबद्दल जरा नीट सांगते, कारण कुंड्या परत येतील, माणूस नाही. ती नुकती व्यायलेली आहे का, वासरू आसपास होतं का आणि समोरच्यांचा कुत्रा तेव्हा भुंकत होता का, हे आधी विचारा. ताज्या वेताची गाय कुत्रा दिसला की बिथरते आणि मधे येईल त्याच्यावर जाते. मान खाली घालून फुसफुसू लागली, खुराने जमीन उकरू लागली की पाठ फिरवून पळायचं नाही. तिच्याकडे बघत, हळू मागे सरकत भिंतीआड किंवा गाडीआड जायचं. वासराच्या आणि तिच्या मधे तर कधीच उभं राहायचं नाही.

आणि आत आलेली गाय बाहेर काढायची रीत. बहुतेक जण झांप्यात उभे राहून हट हट ओरडतात. बिचारीला जायला तीच एक वाट, आणि ती तुम्ही अडवलेली! आधी झांपा सताड उघडा. मग दुरून वळसा घालून तिच्या खांद्याच्या मागच्या बाजूला या आणि काठी जमिनीवर आपटा. खांद्याच्या मागे माणूस आला की गाय पुढे चालते, पुढे आला की थांबते किंवा वळते. अगदी पाठीमागे, शेपटीशी उभं राहू नका, तिथे तुम्ही तिला दिसत नाही आणि लाथ बसते. सासूबाईंना हे शिकवू नका. त्यांना फक्त घरात जाऊन दार लावायला सांगा.

एवढं करून महिना गेला आणि तरी गाई आल्या, तर तक्रार करा, बिनधास्त. पण रिकाम्या हाताने नको. तुमची वही आणि तारीख-वेळेसकट फोटो सोबत ठेवा. कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरचा बारा आकडी क्रमांक लिहून घ्या, त्यावर त्या जनावराची नोंद असते. "आमच्या गल्लीत गुरांचा त्रास" अशी तक्रार वाऱ्यावर जाते. क्रमांक असला की मालकाचं घर सापडतं. ढोर पार्टीची, म्हणजे महापालिकेच्या गुरं पकडणाऱ्या पथकाची, गाडी आली की गुरं ढोरडब्यात (कोंडवाड्यात) जातात आणि मालकाला दंड भरून सोडवावी लागतात. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा एक जुना कायदा आहे. त्यात जमिनीचं नुकसान करणारं जनावर जमीन वापरणाऱ्याने पकडून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं अशी सोय आहे. कुणी तुम्हाला हे सांगून "बांधून ठेवा गाय" म्हणेल. नका बांधू. पोचवणार कशी? आणि चारा-पाण्याविना तासभर जरी उभी राहिली तरी गल्लीत चोर तुम्ही ठरता. आमच्या ओळखीच्या एकांनी बांधली, वर तिची धारही काढली. पुढचं सांगायला नको.

मांजराबद्दल फार नाही. मांजर मोकळी, भुसभुशीत माती शोधतं, म्हणून वाफ्यात रोपांच्या मधे कोंबडीजाळी अंथरून वर पातळ माती टाका किंवा बोटभर जाडीचे खडबडीत दगड पसरा. डांबराच्या गोळ्या आणि फिनेल मांजराला विषारी आहेत. तिखट वाऱ्याने तुमच्याच डोळ्यांत येतं. शेजाऱ्यांना एकदा मांजराची नसबंदी केलीय का ते विचारा. नसली तर पुढच्या वर्षी पाच मांजरं वाफ्यात.

कुत्रा पाळीव आहे ना? मग समोरच्यांकडे रेबीजच्या लशीचा दाखला बघायला मागा, गोड बोलून. दाखला नसेल तर मात्र गोड बोलणं थांबवा. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चावला, नुसता ओरखडा काढला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. गल्लीतल्या बेवारशी कुत्र्यांचं वेगळं आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणे त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्याच जागी परत सोडतात, कानाला खाच दिसली की समजायचं झालंय. दारात निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगायला मात्र कुणाचं ऐकू नका. कुत्र्याला निळा रंग चांगला दिसतो आणि त्याला त्याची भीती वाटत नाही. आमच्या गल्लीत एका कुत्रीने बाटल्यांच्या रांगेला टेकूनच पिल्लं घातली होती.

आणि पुण्याहून आलात म्हणून सांगते, पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर आला की इथे मगरीही अंगणात येतात, २०२४ च्या ऑगस्टात आल्याच होत्या. त्यांच्यासाठी वही वगैरे नाही, दार लावायचं आणि वनखात्याला फोन.

तुम्ही झांप्याच्या कडीचा एक फोटो टाका, बाहेरून आणि आतून. खालची फट किती बोटं आहे तेही लिहा. कुठली आगळ बसेल ते मग सांगते. आमच्याकडे लोखंडीकाम करून देणारे एक काका आहेत, मराठी समजतात.