स्क्रीनवर १०० केव्ही, लॅबमध्ये ८४: बाकीचे गेले कुठे?

प्रश्न: सर, मी एम.टेक.ला आहे. १० स्टेजचा मार्क्स जनरेटर (कॅपॅसिटर समांतर चार्ज करून मग ठिणगीने फुटणाऱ्या स्पार्क गॅपमधून सिरीजमध्ये जोडणारं, मोठ्या व्होल्टेजचा पल्स देणारं सर्किट) बांधलाय, प्रत्येक कॅपॅसिटर १०० नॅनोफॅरड, १० केव्हीला चार्ज, लोड ५० ओहम. एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये बरोब्बर १०० केव्ही येतात आणि पल्स एकदम उभा चढतो, पण लॅबमध्ये ८४ च्या वर काही जात नाही आणि तिथवर चढायलाच शंभरेक नॅनोसेकंद लागतात. मित्राने हेच सर्किट काढलं तर त्याला आउटपुटच नाही. गाइड म्हणतात सिम्युलेशन चुकलंय.

उत्तर: आधी मित्राचं. त्याने चार्जिंग रेझिस्टरला १ एम लिहिलं असणार, स्पाइसला (एलटीस्पाइस ज्यावर बेतलंय तो मूळ प्रोग्राम) एम म्हणजे मिली, त्यामुळे १ मेगओहमच्या जागी १ मिलीओहम बसला आणि सगळं शॉर्ट, तिथे मेग असं पूर्ण लिहायला सांगा.

तुमचं चुकलेलं नाही, अर्धवट आहे. स्पाइस १९७० च्या दशकात बर्कलीला आयसी म्हणजे चिपच्या डिझाइनसाठी लिहिलं गेलं, तुमच्या टेबलावरच्या पट्ट्या किती लांब आहेत हे तुम्ही काढून दाखवल्याशिवाय त्याला कळणार कसं! वायरला इंडक्टन्स असतो, तो करंट झटकन वाढू देत नाही; ढोबळमानाने सेंटिमीटरमागे १० नॅनोहेन्री धरा. कॅपॅसिटर, स्पार्क गॅप, जोडणी मिळून एका स्टेजचा मार्ग २० सेंटिमीटर असेल तर २०० नॅनोहेन्री, म्हणजे दहा स्टेजचे २ मायक्रोहेन्री झाले. कॅपॅसिटर सिरीजमध्ये येऊन १० नॅनोफॅरड उरतात. एवढं टाकून रन करा, शिखर ८५ केव्हीच्या आसपास येईल आणि तेही साधारण ११० नॅनोसेकंदांनी. प्रत्येक गॅपला ०.१ ओहम दिलात की अजून थोडं खाली, म्हणजे तुमचं लॅबचं रीडिंगच की! आता हे वाढवायचं तर स्टेज जवळ घ्या, वायरऐवजी रुंद तांब्याच्या पट्ट्या लावा, आणि असा प्रत्येक बदल आधी स्क्रीनवर करून बघता येतो, मला तर सिम्युलेशनचा खरा उपयोग इथेच वाटतो.

प्रत्येक स्टेजपासून ग्राउंडला काही पिकोफॅरडचा कॅपॅसिटरही दाखवा, पुढचे गॅप फुटायला त्याचीच मदत होते. टाइमस्टेप (सिम्युलेशनमधली वेळेची एक पायरी) जास्तीत जास्त १ नॅनोसेकंद ठेवा, पण मग चार्जिंग सिम्युलेट करत बसू नका, एका सेकंदाला अब्ज पायऱ्या होतात, त्यापेक्षा कॅपॅसिटरला सुरुवातीलाच १० केव्ही द्या. अमेरिकेत सँडिया लॅबकडे पल्स्ड पॉवरसाठी (अशा क्षणिक, जोरदार पल्सच्या यंत्रांसाठी) स्क्रीमर नावाचा वेगळा कोड आहे, पण तुमच्या प्रोजेक्टला फुकटचं एलटीस्पाइस भरपूर झालं.

आणि कळकळीने सांगतो, लॅबमध्ये प्रत्येक कॅपॅसिटरमध्ये ५ जूल म्हणजे एकूण ५० जूल असतात, शॉट झाल्यावरही थोडा चार्ज परत वर येतो, तेव्हा डिस्चार्ज रॉड प्रत्येक स्टेजला लावा आणि शॉर्टिंग वायर जोडल्याशिवाय हात घालू नका.