बोटीच्या हायड्रॉलिक ट्रिम टॅबच्या झिजलेल्या नळ्या स्वतः बदलता येतील का? कशा बदलाव्यात?

प्रश्नात तुम्ही तीन लक्षणं लिहिलीत: २८ फुटी स्पीडबोटीचा उजवा टॅब (बोटीच्या मागे लावलेली, वर-खाली होऊन तोल साधणारी पट्टी) खाली केला की थोड्या वेळात आपोआप वर येतो, पंपाच्या टाकीतलं तेल कमी होतं, आणि इंजिनाजवळची नळी पिवळी पडून कडक झाली आहे. नळी गेल्याचीच ही चिन्हं वाटतात, पण सामान आणण्याआधी एकदा खात्री करा. बेनेट कंपनीच्या टॅबसारख्या एकनळी पद्धतीत (प्रत्येक सिलिंडरला एकच नळी) तेलाचा दाब टॅब खाली ढकलतो आणि सिलिंडरमधली स्प्रिंग तो वर ओढते. म्हणजे तेल कुठूनही निसटलं, नळीतून किंवा पंपावरच्या नीट न मिटणाऱ्या सोलेनॉइड (विजेवर उघडणाऱ्या) व्हॉल्व्हमधून, तरी टॅब सारखाच वर येतो. पंपापाशी दोन्ही नळ्यांची अदलाबदल करून पाहा. तरीही उजवाच टॅब वर आला तर दोष नळीत किंवा सिलिंडरमध्ये. डावा येऊ लागला तर दोष व्हॉल्व्हमध्ये, बहुधा कचरा, नळ्यांना हात लावायची गरज नाही.

नळी बदलायची तर दोन्ही बाजूंच्या बदला, तेही अखंड. तडकलेला तुकडा कापून मध्ये जोड देऊ नका. उष्णतेने नायलॉन सगळीकडेच ठिसूळ झालेलं असतं, आज जोड दिला की पुढच्या हंगामात शेजारी तडा जातो.

आता सर्वांत जास्त फसगत होते ती जागा: माप. बेनेटची नळी पाव इंच बाहेरच्या व्यासाची, म्हणजे ६.३५ मिमी. आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळते ती ६ मिमीची निळी न्यूमॅटिक नळी. ती फिटिंगमध्ये जाते, बसल्यासारखीही वाटते, आणि दाब आला की निसटते. शिवाय ती हवेच्या दाबासाठी केलेली असते, या पंपाचा दाब त्याहून बराच जास्त असतो. पाव इंची, हायड्रॉलिक दाबाची नायलॉन नळीच मागा. सोबत नवे पितळी नट आणि फेरूल (नटाखाली नळीवर आवळून बसणारी छोटी कडी) घ्या. जुनं फेरूल जुन्या नळीवर आवळून बसलेलं असतं, ते नव्या नळीवर पुन्हा धरत नाही. तुमच्या बोटीवर एका सिलिंडरला दोन नळ्या असतील तर पद्धत वेगळी, तिथे सुटे भाग त्याच कंपनीचे घ्या.

काम बोट पाण्याबाहेर असतानाच करा, कारण सिलिंडरकडचा जोड वरच्या बिजागरीच्या आत, ट्रान्समला (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला) टेकून असतो आणि तिथलं भोक पाण्याच्या पातळीजवळ असतं. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात बोटी वर काढलेल्या असतात, तीच योग्य वेळ. टॅब पूर्ण वर घ्या, मग बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा. नळ्यांवर डावी-उजवी खूण करा. बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) ऑटोवर ठेवू नका, सांडलेलं लाल तेल तो थेट बाहेर फेकतो. खाली फडकी अंथरा.

वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून ती अलगद मागे ओढा, नट सोडवा. जुन्या नळीच्या टोकाला नवी नळी टेपने पक्की बांधा आणि आतून ओढून घ्या, म्हणजे वाट शोधावी लागत नाही. टोक धारदार ब्लेडने काटकोनात कापा. पकडीने कापलं तर टोक चेपतं आणि तिथूनच गळतं. नळीवर आधी नट, मग फेरूल चढवा, मग नळी थेट तळाला टेकेपर्यंत आत सारा. हाताने घट्ट केल्यावर पान्याने एक ते दीड फेरा पुरे. टेफ्लॉन टेप लावू नका, इथे तेल आटे अडवत नाहीत, फेरूल अडवतं. जास्त आवळलं की नळी चेपते आणि गळती उलट वाढते. एक्झॉस्टपासून नळी लांब ठेवा, दर ४५ सेंमीला क्लिप मारा, बल्कहेडच्या (आतल्या आडव्या भिंतीच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेचं कडं, घाला, वळण मोठं ठेवा.

ट्रान्समच्या भोकाबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. नळी शंभर रुपयांची असो की हजाराची, तिथून पाणी आतल्या प्लायवूडमध्ये शिरलं तर खर्च कुठल्या कुठे जातो. स्क्रूच्या भोकातून तपकिरी पाणी किंवा ओला भुसा आला तर थांबा. लाकूड वाळवा, कुजलेलं काढा, इपॉक्सी भरा, मगच पुन्हा ड्रिल करा. सगळं सुकं आणि घट्ट असेल तर जुनं सीलंट खरवडून मरीन पॉलियुरेथेन भरा. थ्रीएम कंपनीचं ४२०० सीलंट चांगलं, कारण ते पुढे काढता येतं. त्यांचंच ५२०० कायमचं चिकटतं, इथे नको. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे.

तेल डेक्सरॉन थ्री दर्जाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल), एक लिटर जवळ ठेवा. मीटरभर नळीत जेमतेम १५ मिली मावतं, पण टाकीतलं तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर सगळंच बदलावं लागेल. टॅब वर येताना तडा गेलेल्या भागातून पाणी आत ओढलं जातं, म्हणून तसं होतं. ब्रेक ऑइल कधीही घालू नका, सील फुगून निकामी होतात. हवा काढायला वेगळा स्क्रू नसतो. टॅब पूर्ण खाली-वर चार-सहा वेळा चालवा, हवा टाकीत परत येते. पातळी टॅब वर असतानाच बघा, खाली असताना भरली तर वर घेताच ओसंडते.

शेवटी दोन्ही टॅब पूर्ण खाली करा, कडेपासून ट्रान्समपर्यंतचं अंतर मोजून लिहा आणि रात्रभर तसेच सोडा. सकाळी अंतर बदललं असेल तर प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू धरा. लाल ठिपका जिथे उमटेल, तो नट पाव फेरा आवळा. तरी थांबलं नाही तर टोक कापून नवं फेरूल बसवा.